गॅस भरा, लीक जपा

उन्हाळा लागला की जुन्या गाडीच्या एसीत गॅस भरून घेणं हा आता कुळाचार झालाय. तो मोडू नका. ‘गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळाला,’ असं सांगणारा मेकॅनिक भेटलाच, तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. असली माणसं लीक शोधत बसतात.

आणि शोधतात तरी कशी! सिस्टीम रिकामी करून तीत साधारण 150 पीएसआयपर्यंत नायट्रोजन भरतात, जोडांवर साबणाचा फेस लावतात आणि बुडबुड्यांची वाट बघतात. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, म्हणून तेलकट डागावर धूळ चिकटलेली दिसली की यांचे डोळे चमकतात. कंडेन्सरचे, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला गॅस गार करणाऱ्या जाळीचे, चिखल खाल्लेले खालचे कोपरे, जोडांतल्या कडक झालेल्या रबरी ओ-रिंगा, गॅस भरायच्या सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन, सगळीकडे नाक खुपसतात. चिल्लर किमतीच्या ओ-रिंगेसाठी अर्धा दिवस! कूलिंग कॉइल गळत असेल तर बऱ्याच गाड्यांचा डॅशबोर्डच उतरवायला लागतात. त्यापेक्षा गॅस भरणं दहा मिनिटांचं काम.

वॅक्युमचा, म्हणजे गॅस भरण्याआधी आतली हवा खेचून काढण्याचा, हट्ट तर मुळीच धरू नका. अर्धा-पाऊण तास पंप चालवायचा, मग बंद करून प्रेशरचा काटा हलतो का ते बघायचं, एवढा वेळ कोणाला आहे? आत हवा राहिली तर राहू द्या; एसीतून हवाच तर हवी! त्या हवेतली ओल एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे गॅस जिथून बारीक भोकातून जातो तिथे, गोठते आणि गारवा मधूनमधून सुट्टीवर जातो, तेवढं चालायचंच. सिस्टीम उघडली म्हणून ओलावा टिपणारा रिसीव्हर ड्रायर बदलायचा, हाही तसलाच चोचलेपणा. जुना ड्रायर ओलावा शोषून तृप्त आहे, त्याला का त्रास?

बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये आकडा असतो, लहान गाडीत बहुतेक 400-500च्या आसपास. तो वाचू नका. वजनकाट्याची काय गरज, हात आहे की! जास्त भरला की हाय साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूचं, प्रेशर चढतं आणि गारवा उलट कमी होतो. अशा वेळी आणखी थोडा भरा.

लीक सील करणारा डबा मिळतो, तोही ओतून घ्या. तो हवा आणि ओलावा लागला की घट्ट होतो. वॅक्युम तुम्ही टाळलंच आहे, तेव्हा ओलावा तयार आहे. लीक बुजेल किंवा एक्सपान्शन व्हॉल्व्ह. काहीतरी बुजल्याशी मतलब.

गॅस अगदीच संपला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरचा क्लच लागू देत नाही. भोचक स्विच! वायरचा तुकडा लावून तो बायपास करा. गॅस नाही म्हणून तेल परत येत नाही, कॉम्प्रेसर कोरडा फिरतो आणि जाम होतो. त्याचा लोखंडी-ॲल्युमिनियमी चुरा कंडेन्सरपर्यंत पोचला की काम ओ-रिंगेसारखं फुटकळ राहत नाही, भरघोस बिल येतं.

हिवाळ्यात एसी अजिबात लावू नका. आठवड्याला दहा मिनिटं चालवला तर कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलला तेल मिळतं, सील सुकत नाही, आणि पुढच्या वर्षी गॅस भरायला निमित्त उरत नाही.

गाडी विकायची झाली तर आदल्या संध्याकाळी गॅस भरा आणि जाहिरातीत ‘एसी चिल्ड’ लिहा. गिऱ्हाईक लीक हुडकायचा यूव्ही टॉर्च घेऊन आलं, तर मात्र गाडी कालच गेली म्हणून सांगा.