होलाशोवित्से 'जसंच्या तसं' राहिलं नाही

चेक प्रजासत्ताकात, दक्षिण बोहेमिया भागात होलाशोवित्से नावाचं गाव आहे. त्याच्याबद्दलच्या एका लेखात म्हटलंय, की हे गाव शतकानुशतकं जसंच्या तसं आहे. आराखड्यापुरतं ते खरं आहे. मधोमध लांबट चौक, त्यात तळं आणि १७५५ सालचं छोटं चॅपेल, भोवती शेतकऱ्यांचे वाडे, हा आराखडा मध्ययुगीनच. पण माणसं? १५२० ते १५२५ दरम्यानच्या प्लेगमध्ये अख्ख्या गावात फक्त दोघं वाचली! गाव विश्शी ब्रोद इथल्या ख्रिस्ती मठाच्या मालकीचं होतं. मठानं बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून कुटुंबं आणून ते पुन्हा वसवलं, म्हणून पुढे इथे जर्मन भाषिकांचं बहुमत झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनाही घालवून दिलं गेलं आणि कितीतरी घरं ओस पडली. ती ओस पडली म्हणूनच त्यांच्यावर नवी बांधकामं चढली नाहीत, हे मला फार अस्वस्थ करतं. १९९० नंतर डागडुजी होऊन गाव पुन्हा नांदतं झालं, १९९८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. लेखातल्या फोटोंमधल्या त्या नक्षीदार, ग्रामीण बरोक (वळणदार सजावटीची युरोपीय शैली) धाटणीच्या दर्शनी भिंती बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या, म्हणजे त्याच जर्मन भाषिक शेतकऱ्यांच्या काळातल्या. त्या शेतकऱ्यांचा उल्लेख लेखात यायलाच हवा होता.