पत्र्याखालची मुलं

गेल्या महिन्यात इथे पर्थमध्ये शेजारची जुनी शेड उतरवली. पांढऱ्या ओव्हरऑलमधली, मास्क लावलेली तीन माणसं आली. पत्रे आधी पाण्यानं भिजवले, मग एकेक अख्खा उतरवून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळला. मुलाला आत बोलावून मी खिडक्या लावून घेतल्या. या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो, एक तंतुमय खनिज. लहानपणी याच पत्र्यांचे तुकडे रचून आम्ही लगोरी खेळायचो. कडा दगडावर घासायचो, भुकटी फुंकरीनं उडवायचो.

इथे अ‍ॅस्बेस्टॉसचा विषय निघाला की विटनूमचं नाव निघतंच. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातली निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसची ही खाण १९६६ मध्ये बंद झाली. खाणीतला टाकाऊ चुरा गावच्या रस्त्यांवर, शाळेच्या आवारात पसरलेला असायचा आणि मुलं त्यातच खेळायची. पंधरा वर्षांखालच्या अशा सुमारे अडीच हजार मुलांचा संशोधकांनी पुढे कित्येक वर्षं मागोवा घेतला. यांनी खाणीत काम केलेलं नव्हतं. तरीही मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर, त्यांच्यात इतरांच्या कितीतरी पट निघाला.

अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घालावी का, या भारतातल्या वादात मला ही मुलं कुठेच दिसत नाहीत. तिथे बोलणं 'नियंत्रित वापरा'चं: आपल्याकडे येतो तो पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस, सिमेंटमध्ये घट्ट बसलेला, म्हणून जपून वापरला तर चालतो. निळा जास्त घातक, हे खरंच आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सगळेच प्रकार कर्करोगकारक ठरवलेत. शिवाय पत्र्याला भोक पाडताना, तो फुटल्यावर, कचरा झाडताना नियंत्रण कुणाचं? पत्रा स्वस्त आहे, हा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. डोक्यावर दुसरं छप्पर नाही त्याला मी इथून काय सांगणार? म्हणून दुसऱ्या छपराचा खर्च सरकारनंच उचलायला हवा, आणि आयात थांबवायला हवी. ऑस्ट्रेलियानं २००३ अखेर पूर्ण बंदी घातली, तरी जुन्या संपर्काचे मृत्यू अजून होताहेत. हा आजार तीस-चाळीस वर्षांनीही वर येतो.

सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं ठेवायला सांगितलं. पत्र्याखाली वाढलेल्या पोराची नोंद कोण ठेवणार?

त्या रात्री आईला फोन केला. गोठ्याचे जुने पत्रे काढलेत म्हणाली, फोडून वाटेवरच्या खड्ड्यांत टाकायचेत.

"आई, थांब. फोडू नकोस. पाणी मार, झाकून ठेव, आणि पोरांना तिकडे जाऊ देऊ नकोस."