‘परत घेतल्यानच ना!’

मासेमारी बंदी, होड्या वर ओढलेल्या. विनूने घरी सगळ्यांना योआकिम त्रिएरचा २०११ चा ‘ओस्लो, ३१ ऑगस्ट’ हा चित्रपट दाखवला. हेरॉइन सोडायला केंद्रात राहिलेला अँडर्स नोकरीच्या मुलाखतीसाठी एक दिवस बाहेर पडतो आणि शेवटी परत नशा करतो, त्याची गोष्ट. त्यावरून दुसऱ्या संध्याकाळी वेंगुर्ला बंदराच्या कट्ट्यावर जुंपली.

“शेवटाक परत घेतल्यानच ना!” नंदूने तंबाखू मळता मळता निकाल दिला. “मनाचो निर्धार व्हयो, निर्धार! आमच्या वेळेक...”

“तो सुयेन नाय पडलो,” विनू म्हणाला, “मुलाखतीत पडलो. मधली वर्षां काय केलंस, इतक्याच इचारला. खरा सांगल्यान, आपल्या माहितीचो कागद हिसकावन घेतल्यान आणि भायर येवन कचऱ्यात टाकल्यान. सुई मगेची.”

“पण मुलाखत घेणाऱ्या त्या संपादकान खंय हाकललो?”

“हाकलूक कित्याक व्हया? तुझ्यासारख्याचा तोंड बघला तरी पुरे.”

मी पूर्णपणे विनूच्या बाजूचा. मला तर तो कॅफेतला प्रसंग सोडवत नाही. अँडर्स एकटा बसलाय, शेजारच्या टेबलावर एक मुलगी आयुष्यात काय काय करायचंय त्याची यादी वाचतेय. तो नुसता ऐकतो. नशा सुटलेल्या माणसाला आपल्यात जागा आहे की नाही, हा सगळा प्रश्न त्या ऐकण्यात आहे.

औषधाच्या दुकानातला संजू सहसा बोलत नाही. “हेरॉइन काही महिने बंद असलं की शरीराची सवय मोडते. मग जुनाच डोस घेतला तरी श्वास थांबू शकतो. म्हणून केंद्रातून सुटल्यावरचे दिवस सगळ्यात धोक्याचे.”

“म्हणजे केंद्राचे पैसे फुकट!” नंदू.

“फुकट कसे?” संजू म्हणाला. “पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चाललंय. पण पोरगं घरी आल्यावर पुढचं काम आपलं.”

“आपला? पोलिसांत द्या, सरळ होतत!”

“१९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४अ वाच,” विनू उसळला. “आपणहून उपचाराक जाणाऱ्या व्यसन्याक खटल्यातसून सूट आसा. आणि गेल्या हंगामात केंद्रातून इल्लो पोरगो मी होडयेर घेतलंय, तेव्हा ‘डिझेल सांभाळ’ म्हणान कोण सांगी होतो?”

नंदूला उत्तर सुचेना. “त्या डिझेलाचे माझे पैसे आजून दिलंस नाय!”

“देतंय. आधी तंबाखू सोड.”

“पाडव्याक सोडलंय मी!”

“खंयच्या पाडव्याक?” संजूने विचारलं, आणि हसता हसता नंदूच्या हातातली तंबाखू सगळी विनूच्या सदऱ्यावर सांडली.