देव्हारा कुणाच्या खोलीत

आज बेळगावजवळ हलग्याला हायवेवर तासभर गाडी जाग्यावर. सुवर्णसौधात, म्हणजे कर्नाटकाच्या इथल्या विधानभवनात अधिवेशन, म्हणून बंदोबस्त. मागच्या सीटवर लेक जीकेचं पुस्तक उघडून बसलेली. "पप्पा, ऑस्ट्रेलियाची राजधानी सिडनी ना?" नाही गं, कॅनबेरा. "मग सिडनी का नाही केली?"

तिला आमच्या वाटणीची गोष्ट सांगितली. आजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ वेगळे झाले. भांडी, बैलं, परडं सगळं वाटलं, अडलं ते देव्हाऱ्यावर. दोघांनाही तो आपल्याच सोप्यात पाहिजे. पंच म्हणाले, मधल्या खोलीत ठेवा. त्या खोलीत आजोबांची विधवा बहीण, आमची आत्तीआजी, राहायची. तिची चूल परड्यात गेली.

सिडनी-मेलबर्नचं तेच की. १९०१ ला सगळ्या वसाहती एकत्र आल्या, तर राजधानीवरून भांडण. शेवटी घटनेतच लिहिलं, राजधानी सिडनीच्याच राज्यात, पण सिडनीपासून १०० मैल तरी लांब. तोवर पार्लमेंट मेलबर्नला. ते 'तोवर' १९२७ पर्यंत चाललं! मधे १९०४ ला डॅलगेटी नावाचं गाव ठरवलं, १९०८ ला ते मोडून कॅनबेरा. मेंढरं चरायचं रान होतं म्हणे. आणि हजारो वर्षं तिथं राहणारे न्गुनावाल लोक? आत्तीआजीला तरी कुणी विचारलं होतं?

दिल्लीचं तर बोलूच नका. १२ डिसेंबर १९११ ला पंचम जॉर्जनं भर दरबारात सांगितलं, तेव्हा कलकत्त्याला कळलं की आपण राजधानी राहिलो नाही. रायसीना, मालचा या गावांच्या जमिनी त्यात गेल्या.

आणि आम्ही? १९५६ ला आजोबा मुंबई राज्यात झोपले, सकाळी म्हैसूर राज्यात उठले. २०१२ ला हा सौध झाला. तिकडं देव्हारा मधे ठेवला तो खोली कुणा एकाची नाही म्हणून. इथं कर्नाटकानं ठेवला तो 'खोली आमचीच' म्हणून! वर्षातले दहा-बारा दिवस पूजा. मुंबईवाले तरी कुठले शहाणे? २००४ पासून सीमाभागाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, मधनंमधनं भाषण ठोकायचं आणि झोपायचं.

अधिवेशनामुळं रस्ते होतात, कुणीतरी म्हणणारच. होतात. हलग्यापर्यंतचे.

रागानं काच खाली केली तर समोर पोलीस. विजापूरकडचा पोरगा, पहाटेपासनं उभा. "स्वल्प तडीरी," जरा थांबा, म्हणाला कन्नडात, आणि लेकीला स्वतःची पाण्याची बाटली दिली. त्याच्यावर काय ओरडायचं, सांगा. त्याची ड्युटी इथं लावताना त्याला तरी कोण विचारलं असेल.

पुढं लेकीनं विचारलं, त्या आजीचं काय झालं? सांगितलं. देवाचा नैवेद्य शेवटपर्यंत तीच करायची, परड्यातल्या चुलीवर. पावसाळ्यात ताटावर पदर धरून यायची. मी लहान होतो, बघितलंय. स्वतःच्याच खोलीच्या उंबऱ्याबाहेर थांबायची आणि विचारायची, "येऊ काय रे आत?"