मच्छीमार संस्थेची स्मरणिका काढताय? आधी दफ्तराचं कपाट उघडा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातल्या जुन्या मच्छीमार सहकारी संस्थांचा सुवर्ण महोत्सव आला की स्मरणिका निघते. कव्हरवर तलाव, आत आमदारापासून सरपंचापर्यंत शुभेच्छा, आणि इतिहास म्हणून दीड पान: अमुक साली नोंदणी, तमुक अध्यक्ष, संस्थेची घोडदौड. याला इतिहास म्हणायचं तर लग्नपत्रिकेलाच संसार म्हणा.

माझ्या मते संस्थेचा इतिहास म्हणजे त्या तलावात जाळं नि गरी (गळ) टाकायचा हक्क कोणाकडून कोणाकडे गेला, त्याचा हिशोब. नोंदणीचा दाखला त्यात मधे कुठंतरी येतो. तलाव बांधले कोहळी समाजानं आणि मालगुजारांनी (गावाचा सारा गोळा करणारे जमीनमालक), मासोळी धरली ढिवरांनी, म्हणजे इथल्या मच्छीमार समाजानं. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि मालगुजाराशी असलेला तोंडी करार जाऊन ठेक्याची पावती आली. मामा (माजी मालगुजारी) तलावांवरच्या संस्थांची गोष्ट इथून सुरू करा. (वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा, मधे मालगुजार नव्हता; तिकडच्या नदी-धरणांवरच्या संस्थांना ही चौकट लावू नका.)

म्हणून पहिली चक्कर तहसीलच्या अभिलेख कक्षात. दोन कागद मागा: निस्तार पत्रक (गावच्या सामाईक जागांच्या वापराची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रिवाजांची नोंद). जमीन महसूल संहितेत यांची कलमं १६१ आणि १६५. सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या पाण्यात मासे धरायचा गावचा रिवाज काय होता, ते वाजिब-उल-अर्जात लिहिलेलं असतं. इथं एक घोळ हमखास होतो. १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती, त्यामुळे त्या काळचे काही कागद हिंदीत निघू शकतात आणि ‘हे आपलं नव्हे’ म्हणून बाजूला पडतात. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ चा, त्याआधीचं दफ्तर भंडाऱ्याच्या नावानं. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ची, त्याआधी चंद्रपूर, आणि आणखी मागे गेलात तर कागदावर ‘चांदा’.

दुसरी चक्कर संस्थेच्या कपाटात. ‘आय’ (I) नमुन्यातली सभासद नोंदवही, प्रोसिडिंग बुक (सभांच्या कामकाजाची वही), रोजकीर्द, ऑडिट मेमो, मत्स्यबीजाची बिलं, मच्छी विक्रीची वही. यातलं प्रोसिडिंग बुक म्हणजे खरा खजिना. जुन्या सभांच्या खाली सचिवाच्या एकाच वळणदार अक्षरात सगळी नावं, प्रत्येकापुढे ‘नि. अं.’ (निशाणी अंगठा) आणि जांभळ्या शाईचा अंगठा. पुढच्या वह्यांत अंगठे कमी होत जातात, वाकड्यातिकड्या सह्या येतात. कोणत्या साली निम्म्याहून जास्त सह्या झाल्या, एवढं मोजून छापलं तरी गावात अक्षरओळख कधी रुजली याचा अंदाज येतो. बायकांची नावं कधीपासून दिसतात, तेही बघा. बाजारात टोपली घेऊन बसतात त्या, पण वहीत नाव नवऱ्याचं, असं पुष्कळ ठिकाणी आढळेल.

आता विक्रीची वही. इथं आकडे फसवतात. जुन्या नोंदी शेर-मणात. एक शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, चाळीस शेरांचा मण म्हणजे ३७.३ किलो. मण म्हणजे ४० किलो धरून गुणाकार केला की जुनं उत्पादन सात टक्क्यांनी फुगतं. पैशाचं तसंच: १ एप्रिल १९५७ च्या आधी १६ आण्यांचा रुपया, नंतर १०० नव्या पैशांचा. हेक्टरी उत्पादन काढताना सातबाऱ्यावरचं क्षेत्र घेऊ नका. पाणी सप्टेंबरात सांडव्यापर्यंत असतं, एप्रिलमध्ये तळाशी जातं, वरच्या अंगाला गाळात कोणाचं तरी वावर झालेलं असतं. कोणतं जलक्षेत्र धरलं ते तळटीपेत लिहा.

बियाण्याच्या बिलांवरून तलावाचा स्वभाव कसा पालटला ते कळतं. १९५७ साली हिरालाल चौधरींनी ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन यशस्वी केलं, पुढे केंद्रांवरून रोहू, कटला, मृगळचं बीज मिळू लागलं. त्याआधी भिस्त नदीतून गोळा केलेल्या बीजावर. तुमच्या वहीत मत्स्यजिरे (अगदी बारीक पिल्लं) कधी, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) कधी, सायप्रिनस (कॉमन कार्प) पहिल्यांदा कोणत्या साली, आणि त्याच काळात मरळ, शिंगी, मागूर या देशी माशांचे रकाने कसे आटले, हे समोरासमोर मांडा. ‘मागूर’ शब्दाशी सावध राहा. अलीकडच्या वह्यांत तो देशी असेल किंवा बंदी आलेला थाई. भाव फार कमी आणि नग फार मोठा दिसला तर शंका घ्या.

म्हाताऱ्यांना ‘पहिले कसं होतं जी?’ असं विचारलं की ‘लय मासोळी होती’ एवढंच उत्तर येतं. त्यांच्यापुढे जाळं ठेवा. आस (जाळ्याचं भोक) किती बोटांचा, सूत कशाचं, नायलॉन आल्यावर काय बंद पडलं, असं विचारा. वस्तू हातात आली की माणूस, साल सांगता आलं नाही तरी, ‘धाकल्याच्या लग्नाच्या आधी’ एवढं तरी सांगतो, आणि ते साल काढता येतं.

गरीचा विषय स्मरणिकेत कोणी घेत नाही, कारण तो भांडणाचा. संस्थेनं ठेका भरला, बीज सोडलं, आणि तलावाच्या पाळीवर (बांधावर) बसून गांडूळ लावून गरी टाकणारा गावकरी म्हणतो, आमच्या आज्यापासून टाकतो. दोघांचंही खरं आहे. प्रोसिडिंगमध्ये गरीवाल्यांच्या दंडाचे, माफीचे, कुठं सूट दिल्याचे ठराव सापडले तर जसेच्या तसे छापा. त्या वेळच्या माणसाचं नाव मात्र गाळा, त्याची नातवंडं गावातच आहेत.

वह्या घरी नेऊ नका. कार्यालयातच बसून उजेडात मोबाइलनं एकेक पान, पान क्रमांक दिसेल असं काढा. वाळवी लागलेली वही पूर्ण उघडू नका, शिवण फाटते. वही हरवलीच असेल तर निबंधक कार्यालयाकडे दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून नोंदणीची फाईल आणि लेखापरीक्षण अहवाल मागा. मुदत तीस दिवसांची. फोटोंचा एक संच ग्रामपंचायतीत ठेवा, एक शाळेत. सचिव बदलला की कपाटाची किल्लीही हरवते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

शुभेच्छांच्या जाहिराती घ्याच, छपाईचा खर्च त्यातूनच निघतो. फक्त त्या मागच्या पानांवर टाका.