त्वचेचा कॅन्सर फक्त ‘गोऱ्यांचा आजार’ नाही

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘त्वचेचा कॅन्सर गोऱ्यांना होतो, आपल्या सावळ्या कातडीला नाही. झालाच तर उन्हाच्या जागी होतो आणि ठणकतो. बिब्बा लावा, तपासणीसाठी तुकडा काढू देऊ नका, त्यानं कॅन्सर पसरतो.’

सावळ्या कातडीला होत नाही? कातडीला रंग देणाऱ्या मेलॅनिनमुळे आपल्याकडे प्रमाण बरंच कमी आहे, तेवढंच खरं. बेसल सेल हा त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार आपल्याकडेही होतो: नाकाच्या बाजूला, पापणीखाली, चमकदार काठाची गाठ. तिच्यावर खपली धरते, पडते, रक्त येतं. आपल्या कातडीवर ती अनेकदा काळसर दिसते, म्हणून लोक तीळ समजून सोडून देतात.

फक्त उन्हाच्या जागी? इथं हा मेसेज सर्वांत जास्त फसवतो. सावळ्या माणसांत मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. गायक बॉब मार्लेचा १९८१ मध्ये मेलॅनोमानं मृत्यू झाला, त्या कॅन्सरची सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाली होती. केळीच्या बागेत अनवाणी पाणी भरणाऱ्यानं टाचेवरचा पसरत जाणारा, वेड्यावाकड्या काठांचा काळा डाग ‘काटा मोडला असेल’ म्हणून सोडू नये. एकाच नखात काळी रेघ रुंद होत असेल, काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर येत असेल, तर लगेच दाखवा. स्क्वॅमस सेल हा त्वचेच्या कॅन्सरचा आणखी एक प्रकार तर भाजल्याच्या जुन्या वणात किंवा वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेतही उठतो. कमरेवरही होतो: करकचून लुगडं नेसणाऱ्या वयस्क बाईला लुगडं आवळलं जातं त्या जागी झालेला असा कॅन्सर २०२४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेला. आपल्या आज्यांच्या कमरेला लुगडं आवळून काळा, खरखरीत पट्टा पडलेला असतो. तो बहुधा साधाच असतो, पण त्यात न भरणारी जखम झाली तर अंगावर काढू देऊ नका.

ठणकतो? सुरुवातीला बहुतेक वेळा नाही. म्हणूनच उशीर होतो.

आणि बिब्बा. त्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात, वरचं रूप बिघडतं आणि खालचा कॅन्सर तसाच वाढत राहतो. तुकडा काढल्यानं तो पसरतो, ही भीती निराधार आहे. जागा बधिर करून छोटासा तुकडा घेतात, कॅन्सर आहे का आणि कोणता, ते त्यावरूनच ठरतं. महिनाभरात न भरलेली जखम किंवा बदलता तीळ असेल तर त्वचारोग विभाग गाठा. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.