पोलिओ पायात नसतो, पोटात असतो

"आता पोलिओ दिसतो तरी कुठे? मग बाळाला डोस कशाला?" चांगल्या शिकल्यासवरल्या आईवडिलांकडून हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण न दिसणं ही पोलिओची जुनीच खोड आहे.

पोलिओ म्हटलं की डोळ्यांपुढे लुळा पडलेला पाय येतो. पण या विषाणूचं घर आहे आतड्यात. दूषित पाणी, अन्न, नीट न धुतलेले हात, यांतून तो तोंडावाटे शिरतो, घशात आणि आतड्यात वाढतो आणि पुढे कित्येक आठवडे शौचावाटे बाहेर पडत राहतो. १० पैकी सातेक जणांना काहीच जाणवत नाही. उरलेल्यांतल्या बहुतेकांना थोडा ताप, घसादुखी, की झाले बरे. साधारण २०० जणांमागे एकाच्या बाबतीत मात्र तो मज्जारज्जूपर्यंत पोचतो आणि स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मारून टाकतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. श्वासाचे स्नायू गेले तर जीवही जातो.

म्हणजे एक मूल लुळं पडलेलं दिसतं, तोवर शेकडो जणांच्या पोटात विषाणू राहून गेलेला असतो. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याची.

म्हणूनच दोन्ही लसींचं काम समजून घ्यायला हवं. १९५५ साली आलेली जोनास साल्क यांची लस मारलेल्या विषाणूची, टोचून द्यायची. तिच्यामुळे रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि मज्जारज्जूची वाट बंद होते. मूल वाचतं. पण आतड्यात विषाणू तरीही वाढू शकतो, दुसऱ्याकडे जाऊ शकतो. अल्बर्ट साबिन यांच्या थेंबांत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो आतड्यातच वाढतो, त्यामुळे पहारा थेट तिथे बसतो आणि साखळी तुटते.

थेंबांची एक उणी बाजू आहे, आणि ती लपवणं मला मुळीच पटत नाही. लसीकरण अर्धवट असलेल्या वस्तीत हा दुबळा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला तर बदलत बदलत पुन्हा लुळं पाडण्याइतका ताकदवान होऊ शकतो. २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात लस न घेतलेल्या एका व्यक्तीला असाच लकवा झाला, आणि तिथल्या सांडपाण्यातही विषाणू सापडला. लोक यावरून "बघा, लसच वाईट" म्हणतात. अहो, तो फिरला कुठे? लस न घेतलेल्यांतच ना! सगळ्यांनी डोस घेतलेले असते तर त्याला फिरायला जागाच उरली नसती.

मूळ विषाणूचे प्रकार तीन. दुसरा संपल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, तिसरा २०१९ मध्ये. पहिला अजून अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात आहे. तेव्हा आज घरी गेल्यावर मुलांचं लसीकरणाचं कार्ड काढून बघा. एखादा डोस राहिला असेल तर डॉक्टरांना विचारा. उशीर झाला तरी तो देता येतो.